कालवं मरायला लागली की आधी काय बघायचं?

खाडीत मांडव घालून कालवं वाढवायला नव्याने उतरलेल्या माणसाचा पहिला घाबरा प्रश्न ठरलेला असतो: "कालवं मरतायत, कुठलं औषध टाकू?" औषध नाही. उघड्या खाडीचं पाणी दिवसातून दोनदा येतं-जातं, त्यात टाकलेलं काहीही तासाभरात समुद्राला मिळतं. लस टोचावी म्हटलं तर कालवाच्या अंगात प्रतिपिंडं तयारच होत नाहीत, त्यामुळे लसीचाही उपयोग नाही. हातात उरतं ते एवढंच: काय बिघडलंय ते वेळेत ओळखणं, बिघडलेलं बाहेर काढणं, आणि बाहेरची ब्याद आपल्या खाडीत न आणणं.

हे लिहिताना डोळ्यांसमोर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाड्या आहेत आणि त्यात नव्याने पडलेले बचत गट आणि तरुण मुलं. कातळावरची कालवं फोडून विकणाऱ्या बायकांना यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं. तुमच्या वाडीत अशी एखादी आजी असेल तर हा लेख वाचण्याआधी तिच्याबरोबर एका ओहोटीला जाऊन या.

पहिली पायरी: आपलं कालव कुठलं ते बघा

किनाऱ्याच्या कातळाला घट्ट चिकटलेलं, कडा करवतीसारख्या दातेरी असलेलं लहान कालव म्हणजे सॅकोस्ट्रिया कुकुलाटा. खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतं ते मोठं, लांबट कालव क्रॅसोस्ट्रिया गटातलं. पालनासाठी आपल्याकडे जास्त वापरलं जातं ते मद्रासेन्सिस. हल्ली शास्त्रज्ञ त्याला मॅगालाना बायलिनिएटा म्हणतात. उत्तरेकडे केळव्याच्या खाडीसारख्या ठिकाणी ग्रिफॉइडिस नावाचा भाऊबंद सापडतो. जात माहीत असणं यासाठी गरजेचं की प्रत्येकाची खारटपणा सोसायची ताकद वेगळी, आणि रोगही सगळ्यांना सारखे धरत नाहीत.

दुसरी पायरी: निरोगी कालव उघडून डोळ्यात भरून घ्या

काही बिघडायच्या आधी हे करा. मांडवावरून दहा-बारा चांगली कालवं काढा, बाहेरचा चिखल घासून धुवा. खोलगट शिंपला खाली, सपाट वर असं धरून बिजागरीच्या फटीत कोयतीचं टोक घाला, वळवा, आणि वरच्या शिंपल्याच्या आतून पातं फिरवून स्नायू कापा. हातात जाड मोजे हवेतच.

आता घाई न करता बघा. निरोगी कालव उघडताना जोर लावावा लागतो आणि आत स्वच्छ खारं पाणी असतं. मांसाभोवतीच्या पातळ पडद्याची, म्हणजे आवरणाची, काळपट कड शिंपल्याच्या काठापर्यंत पसरलेली असते. बोटाने हलकं टोचलं की ती आत आकसते. कल्ले पापुद्र्यांसारखे सरळ रेघांचे, कुठे कुरतडलेले नाहीत. पोटाचा भाग हिरवट-तपकिरी. हंगामात त्यावर गाबोळीसारखा दुधाळ थर चढलेला दिसतो, तेव्हा कालव भरलंय म्हणायचं. शिंपला आतून पांढरा, गुळगुळीत, स्नायूच्या जागी गडद डाग. तो डाग रोगाचा नाही, निरोगी कालवालाही असतो.

एक गोष्ट नवख्याला हमखास फसवते. अंडी-शुक्र सोडून मोकळं झालेलं कालव पाणचट, जवळजवळ आरपार दिसणारं असतं. पाऊस सुरू होऊन खारटपणा हलला की आपल्याकडची बरीच कालवं मोकळी होतात. पावसाळ्यात किंवा पावसाच्या शेवटाला पोचट कालव दिसलं म्हणून रोग झाला असं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये, शेजारची भरलेली असताना, तुमचीच पोचट राहिली तर मात्र कारण शोधायला लागा.

तिसरी पायरी: वही घाला

दर उधाणाच्या मोठ्या ओहोटीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, मांडव उघडा पडतो तेव्हा चार गोष्टी टिपायच्या: तारीख, पाण्याचं तापमान, खारटपणा आणि मेलेली किती. खारटपणा मोजायला हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो. दोन थेंब टाकून उजेडाकडे धरलं की आकडा दिसतो. समुद्राचं पाणी हजारी पस्तीसच्या, म्हणजे हजार भागांत पस्तीस भाग मिठाच्या, आसपास असतं. खाडीतली कालवं हजारी दहापासून वरचा खारटपणा निभावून नेतात, त्याखाली दिवसेंदिवस राहिलं तर तोंड मिटून उपाशी बसतात.

मेलेली मोजायची तर कशी? मांडवाला टांगलेली, कालवं चिकटलेली शिंपल्यांची एक माळ घ्या आणि सगळी कालवं बोटाने टकटक करत जा. जिवंत मिटलेलं कालव दगडासारखं वाजतं, रिकामं पोकळ वाजतं. आ वासलेलं असेल तर टिचकी मारा. लगेच मिटलं तर ठीक, सावकाश मिटलं किंवा मिटलंच नाही तर ते चाललंय. दोन्ही शिंपले बिजागरीला जोडलेले पण आत काही नाही, असा रिकामा जोडशिंपला उचलून आतून बघा. आतला भाग चकचकीत पांढरा असेल तर कालव गेल्या काही दिवसांत गेलं. आत शेवाळ, चिखलाचा थर किंवा होडीच्या बुडाला धरतात तसली टोकदार बार्नेकलची कवचं असतील तर मरण जुनं. ताजी किती आणि जुनी किती हे वेगळं लिहा. एका दणक्यात गेली की हळूहळू जातायत, हे या दोन आकड्यांवरून कळतं, आणि पुढची सगळी शोधाशोध त्याच्यावर उभी राहते.

चौथी पायरी: आधी पाण्यावर संशय घ्या

कोकणात कालवं एकगठ्ठा मरण्याचं सगळ्यात मोठं कारण रोग नाही, पाऊस आहे. जून-जुलैत घाटावरून उतरलेलं पाणी खाडीत आलं की वरच्या अंगाला खारटपणा शून्याला टेकतो. कालव शिंपले मिटून काही दिवस तग धरतं. भरतीबरोबर खारं पाणी परत येत राहिलं तर वाचतं. सलग आठवडाभर गोडं पाणी राहिलं की दम तुटतो, आणि मग एकाच उधाणाच्या पाहणीत अख्ख्या माळा आ वासलेल्या सापडतात. त्यात लाल मातीचा गाळ बसला तर कल्ले चोंदतात. गाळाने मेलेल्या कालवाच्या शिंपल्यात मऊ चिखल भरलेला असतो आणि मेलेली जास्त करून मांडवाच्या खालच्या अंगाला असतात.

दुसरा मार मे महिन्यातला. दुपारची ओहोटी, तापलेला कातळ, त्यात वर बांधलेली माळ तासन् तास उन्हात. अशी मरतूक वरच्या थरात दिसते आणि पिल्लांना जास्त बसते.

तिसरा प्रकार ओळखायला सोपा, निस्तरायला अवघड: वरच्या अंगाला कारखान्याचं किंवा गटाराचं पाणी उतरलं तर कालवांबरोबर चिंबोऱ्या, बोय, पाण्यातले किडे असं सगळंच मरतं. रोग असा भेदभाव न करता मारत नाही. एकाच दिवशी तीन-चार जातींचे जीव मेलेले दिसले तर बाटलीत पाणी भरून घ्या, फोटो काढा आणि तालुक्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला त्याच दिवशी कळवा.

रोगाची चाल वेगळी असते. तो एका कोपऱ्यात सुरू होतो, आठवडे-महिने रेंगाळतो, वर्षभराहून मोठी कालवं आधी उचलतो, आणि मेलेल्यांच्या शेजारी अर्धमेली, रोडावलेली कालवं असतात. वहीतले आकडे असे चढत जाताना दिसले, पाणीही खारं आणि स्वच्छ असलं, तरच पुढच्या पायऱ्यांकडे वळा.

पाचवी पायरी: शिंपला पोखरणारे

इथे थोडं थांबून लिहितो, कारण आपल्या मांडवांवर रोजच्या रोज दिसणारी कटकट हीच, आणि यावर खरोखर काही करता येतं.

पॉलिडोरा नावाचा बारीक, केसासारखा किडा शिंपल्याच्या काठावर येऊन बसतो आणि आत इंग्रजी यू अक्षरासारखं बीळ करतो. बाहेरून काठाजवळ टाचणीच्या टोकाएवढी दोन भोकं शेजारीशेजारी दिसतात. आत डोकावलं तर शिंपल्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर करडा-काळा फोड. कालवाने किड्याला बाहेर ठेवण्यासाठी चुन्याचा पातळ पापुद्रा चढवलेला असतो. कोयतीच्या टोकाने तो फोडला की काळा चिखल आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. किडा कालवाचं मांस खात नाही. पण पापुद्रे चढवण्यातच कालवाची ताकद जाते आणि ते रोड राहतं. शिंपल्यासकट विकायची असतील तर असलं कालव ताटात कोणी घेणार नाही.

किडा वाढतो तो मुख्यतः चिखलाजवळ. म्हणून पहिला उपाय फुकटचा: माळ तळाच्या चिखलाला टेकू देऊ नका, मांडव उंच घ्या, ओहोटीला रोज काही वेळ कालवं उघडी पडतील अशी उंची ठेवा. मिटलेलं कालव दोन-चार तास सहज काढतं, बिळातला किडा वाळतो. एकाच मांडवावर दाटी करून टांगलेल्या माळांमध्ये गाळ अडकतो, त्या सुट्या करा.

दुसरा उपाय मिठाचा. मिठागराचं जाडं मीठ पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत टाकायचं. लिटरला साधारण साडेतीनशे ग्रॅम लागतं. कालवं आधी अर्धा-एक तास सावलीत पाण्याबाहेर ठेवा म्हणजे तोंडं घट्ट मिटतील. मग पाच ते दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात बुडवायची, बाहेर काढून दोन तास सावलीत पसरायची आणि पुन्हा खाडीत. आ वासलेली, काठ फुटलेली आणि अगदी लहान पिल्लं यातून वाचत नाहीत, ती आधीच बाजूला काढा. आणि पहिल्यांदा सगळा माल कधीच बुडवू नका. वीस-पंचवीस कालवांवर करून बघा, आठवडाभर थांबा, मरतूक नसेल तर बाकीची. मीठ महाग पडत असेल तर रात्रभर गोड्या पाण्यात ठेवण्याचीही पद्धत आहे, पण त्याला मोठ्या टाक्या लागतात आणि उकाड्यात पाणी लवकर नासतं. मला मिठाचंच बरं वाटतं.

दुसरा पोखरणारा क्लायोना, म्हणजे भोकं पाडणारा स्पंज. शिंपल्याच्या बाहेरच्या अंगावर गोल, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची भोकं विखुरलेली आणि जिवंत असेल तर त्यातून डोकावणारे पिवळे-नारिंगी ठिपके. आत शिंपला चाळणीसारखा झालेला असतो. कोयती लावली की बिजागरीच मोडून हातात येते. याला खारं पाणी हवं, म्हणून खाडीच्या मुखाशी आणि उघड्या किनाऱ्यावर जास्त, आतल्या अंगाला कमी. पावसाचं गोडं पाणी याला मारतं. पावसाळा तगून राहिलेल्या कालवाचा शिंपला ऑक्टोबरात स्वच्छ दिसतो तो यामुळेच. नाहीतर उपाय तोच, मिठाचं पाणी आणि वाळवण.

शंख आणि चिंबोऱ्या रोगात मोडत नाहीत, पण नुकसान त्यांचंच जास्त असतं. शिंपल्यावर एकच नीट गोल भोक असेल तर शंखाने कोरून खाल्लंय. काठ तुकडे-तुकडे मोडलेले असतील तर चिंबोरी. पिल्लं असेपर्यंत जाळीच्या पिशवीत ठेवा आणि दर पाहणीला शंख हाताने वेचा, त्यांच्या अंड्यांच्या पिवळट पुंजक्यांसकट. बार्नेकल आणि शिणाणी नावाचे शिंपले माळेवर चढून कालवांच्या तोंडचं खाणं पळवतात. ती कोयतीने खरवडून टाकायची, लहान असतानाच.

सहावी पायरी: आतले पाहुणे

उघडलेल्या कालवात कधी कधी वाटाण्याएवढा मऊ, पिवळट खेकडा सापडतो. घाबरायचं कारण नाही. तो कल्ल्यांवर बसून आयतं खातो, कालव थोडं रोडावतं, माणसाला काही होत नाही.

ब्युसेफॅलस हा चपटा कृमी जास्त खोडसाळ. याची पिल्लावळ कालवाच्या प्रजननग्रंथीत घुसते आणि पांढऱ्या-पिवळ्या सुतांच्या गुंत्यासारखी पसरते. बाहेरून कालव भरलेलं, गुबगुबीत वाटतं. टोचून बघितलं की दुधाळ रस येण्याऐवजी सुतं निघतात. असं कालव कायमचं वांझ होतं. कृमीचा पुढचा मुक्काम लहान माशात आणि शेवटचा शिकारी माशाच्या पोटात, म्हणजे चक्र तोडणं आपल्या हातात नाही. नशिबाने शेकड्यात मोजक्याच कालवांना हा धरतो. नेमॅटोप्सिस नावाचा एकपेशीय जीव आपल्या किनाऱ्यावरच्या कालवांत सर्रास सापडतो. त्याचं दुसरं घर खेकड्यात. सूक्ष्मदर्शकाखाली तो बघून नवखे धसका घेतात, पण त्याने मांडव ओस पडल्याचं ऐकिवात नाही.

आणि आता ज्याचं नाव नीट लक्षात ठेवायचं तो पर्किन्सस. हाही एकपेशीय परजीवी. मेक्सिकोच्या आखातातल्या कालवांत 1950 साली याची एक जात पहिल्यांदा वर्णन केली गेली, तेव्हा ती बुरशी समजली गेली आणि नाव पडलं डर्मोसिस्टिडियम. अमेरिकेचे कालववाले अजून त्या रोगाला त्या जुन्या नावावरून डर्मो म्हणतात. ती जात मरिनस. आपल्याकडे ती नाही सापडलेली. भारतात नोंदलेल्या दोन म्हणजे ओल्सेनी, जी मोत्याच्या कालवात सापडली, आणि बेहायेन्सिस, जी आपण पाळतो त्या मद्रासेन्सिस कालवात सापडली.

पर्किन्सस मेलेल्या आणि मरणाऱ्या कालवातून पाण्यात उतरतो आणि शेजारचं कालव त्याला खाण्याबरोबर गाळून आत घेतं. कालव तासाला काही लिटर पाणी गाळतं, म्हणजे दाट मांडवात एक आजारी कालव किती जणांना पुरतं याचा हिशेब करा. लक्षणं धड नावाची नाहीत: कालव रोडावतं, आवरण काठापासून मागे सरतं, पोटाचा भाग फिकट होतो, तोंड मिटायला उशीर लागतो. नुसत्या डोळ्यांनी पर्किन्सस ओळखला असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

याला ऊब आणि खारटपणा दोन्ही लागतात. हजारी बाराच्या खाली खारटपणा गेला की त्याची वाढ मंदावते. म्हणजे जो पावसाळा आपली कालवं मारतो तोच या परजीवीलाही दाबून ठेवतो. दुसरी गोष्ट, तो हळू वाढतो आणि मोठी नुकसानी बहुधा दुसऱ्या वर्षी करतो. आपल्याकडे पावसानंतर पिल्लं धरायची आणि पुढच्या पावसाच्या आत, मेअखेर काढायची, हा हिशेब गोड्या पाण्याच्या भीतीने बसलेला आहे, पण रोगाच्या दृष्टीनेही तोच शहाणपणाचा. "अजून थोडी मोठी होऊ देत, भाव बरा मिळेल" म्हणून दुसऱ्या हंगामासाठी माळा राखून ठेवणं म्हणजे नव्या पिल्लांच्या उशाशी आजारी माणूस निजवणं.

सातवी पायरी: नमुना पाठवा, आणि नीट पाठवा

मरतूक रोगाची वाटते, पाणी बरं आहे, पोखरणारे फारसे नाहीत. आता प्रयोगशाळा. रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आणि झाडगावचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची जवळची ठिकाणं. आधी तिथे फोन करून विचारा. पुढची तपासणी लागली तर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेकडे जाता येतं, तिचं मुख्यालय कोचीला आणि केंद्र मुंबईत आहे.

बहुतेकांचा नमुना इथेच वाया जातो. मेलेली, वास येणारी कालवं पिशवीत भरून पाठवली तर त्यात फक्त सडवणारे जिवाणू सापडतात. हवी असतात ती अर्धमेली: आ वासलेली पण टिचकीला अजून हलणारी, आत मांस ताजं असलेली. त्यांच्याबरोबर शेजारची वरून धडधाकट दिसणारीही द्या. एकूण तीस तरी. तीसच का? मांडवातल्या दर दहा कालवांतलं एक आजारी असेल तर तीस तपासल्यावर त्यातलं निदान एक सापडण्याची खात्री पंच्याण्णव टक्क्यांच्या वर जाते. पाच कालवं पाठवून "काही सापडलं नाही" असं उत्तर आलं तर त्याला अर्थ नाही.

कालवं धुवा, ओल्या गोणपाटात गुंडाळा, थर्मोकोलच्या पेटीत ठेवा. बर्फ पिशवीत घालून खाली, त्यावर कागदाची घडी, मग कालवं. बर्फाचं वितळलेलं गोडं पाणी कालवांना लागता कामा नये. खोलगट शिंपला खाली ठेवला तर आतलं पाणी सांडत नाही. चोवीस तासांत पोचवा. सोबत वहीच्या त्या पानाचा फोटो द्या. तपासणाऱ्याला खारटपणा, तापमान आणि मरतुकीचा चढ-उतार कळला तर त्याचं निम्मं काम होतं.

पर्किन्ससची जुनी आणि अजूनही वापरातली चाचणी सोपी आहे: कल्ल्याचा आणि आवरणाचा तुकडा थायोग्लायकोलेट नावाच्या द्रवात अंधारात पाच-सात दिवस ठेवतात, परजीवीच्या पेशी फुगतात, मग आयोडीन टाकलं की त्या निळ्या-काळ्या गोळ्यांसारख्या दिसतात. जात कुठली हे मात्र त्यावरून कळत नाही, त्याला जनुकीय चाचणी लागते. जात कळणं महत्त्वाचं, कारण मरिनस आणि ओल्सेनी या जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या यादीतल्या, सरकारला कळवायच्या जाती आहेत.

उत्तर यायला वेळ लागतो. तोवर आजारी कोपऱ्यातल्या माळा वेगळ्या करा, त्या जागची कोयती-मोजे दुसरीकडे वापरू नका, आणि विकण्याजोगी मोठी कालवं काढून घ्या. पर्किन्सस माणसाला बाधत नाही; नीट शिजवून खायला हरकत नाही. मेलेली आणि आतल्या मांसासकटची पुन्हा खाडीत फेकायची नाहीत. भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर खड्डा खणून चुन्यासकट पुरा.

आठवी पायरी: पिल्लं कुठून आणताय?

मला या लेखातली एकच पायरी वाचायला सांगायची असती तर ही सांगितली असती. जगात कालवांचे मोठे रोग पसरले ते बहुतेक माणसाच्या हातून. 1957 मध्ये अमेरिकेच्या डेलावेअर उपसागरात एका परजीवीने कालवांचा फडशा पाडायला सुरुवात केली. पुढे जनुकीय तपासात त्याचं मूळ आशियातल्या पॅसिफिक कालवात निघालं. युरोपच्या चपट्या कालवांना 1979 मध्ये बोनामिया नावाच्या परजीवीने गाठलं, तो कॅलिफोर्नियातून आणलेल्या पिल्लांबरोबर आला असं मानतात. दोन्हीकडे रोग आल्यावर तो परत गेलेला नाही. ऑस्ट्रेलियात आपल्या कातळावरच्या कालवाच्या सख्ख्या जातभाईला, सिडनीच्या सॅकोस्ट्रियाला, मार्टेलिया सिडनीयाय नावाच्या परजीवीने खाड्याच्या खाड्या रिकाम्या करून दाखवल्या आहेत. तो इथे आल्याची नोंद नाही. न येऊ देणं आपल्याच हातात आहे.

तेव्हा पिल्लं आपल्याच खाडीत धरा. पावसानंतर पाणी खारं व्हायला लागलं की रिकाम्या शिंपल्यांच्या माळा टांगायच्या, पिल्लं आपण होऊन बसतात. माळेसाठी वापरायचे शिंपले महिनाभर तरी कडक उन्हात वाळवलेले हवेत. हॉटेलच्या मागून उचललेले ओले शिंपले थेट टांगू नका. दुसऱ्या खाडीतून आणावीच लागली तर आधी तिथली तीस कालवं तपासून घ्या, आणि दुसऱ्या राज्यातून आणायची असतील तर मत्स्यव्यवसाय विभागाला विचारल्याशिवाय नाही. कोणी परदेशी जातीची पिल्लं स्वस्तात देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

हाच नियम कातळावरच्या रानातल्या कालवांना. ती कोणाच्या मालकीची नाहीत म्हणून त्यांची वही कोणी घालत नाही, आणि मांडवातला रोग त्यांच्यात शिरला तर कळतही नाही. मांडवाजवळच्या कातळावरची चार-सहा कालवं दर महिन्याला उघडून बघायची सवय लावा. खडकाचा एक हातभर चौकोन रंगाने आखून त्यातली जिवंत-मेलेली मोजत राहिलात तर वर्षभरात तुमच्याकडे अशी माहिती जमेल जी फारशी कोणाकडे नाही. कालवं काढताना कातळ खरवडून साफ करू नका. नवी पिल्लं बसतात ती जुन्या शिंपल्यांवर.

नववी पायरी: खाणाऱ्याची आणि स्वतःची काळजी

कालवाचे रोग माणसाला होत नाहीत. पण कालव पाणी गाळतं, म्हणून खाडीत जे असेल ते त्यात साठतं: गटारातले जिवाणू, कावीळ आणि जुलाब देणारे विषाणू, आणि उबदार खाऱ्या पाण्यात आपोआप वाढणारे व्हिब्रिओ जिवाणू. स्वच्छ, अतिनील किरणांखालून फिरवलेल्या पाण्यात कालवं दीड-दोन दिवस ठेवली तर जिवाणू बरेच निघून जातात, विषाणू तितके नाहीत. युरोपात थेट कच्ची विकायच्या कालवांत शंभर ग्रॅम मांसामागे ई-कोलाय हे मैल्यातले जिवाणू पाचातल्या चार नमुन्यांत 230 च्या आत लागतात आणि कुठल्याच नमुन्यात 700 च्या वर चालत नाहीत; आपल्या माणसाने कालवाची आमटी खावी आणि कच्च्याच्या नादाला लागू नये, हे माझं मत. शिंपले उघडल्यावरही तीन ते पाच मिनिटं चांगली उकळी हवी. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांनी तर कच्चं तोंडात घालूच नये.

पाण्याला विचित्र लाल-तपकिरी रंग आला, फेस धरला, मासे मेले तर त्या खाडीतली कालवं, शिणाणी, तिसऱ्या काहीच काढू नका. काही सूक्ष्म वनस्पतींचं विष शिंपल्यातल्या जीवांत साठतं आणि उकळून जात नाही. केरळात विळिंजमला 1997 मध्ये शिणाण्याच्या जातीचे शिंपले खाऊन माणसं दगावली होती. ओठ-जीभ बधिर वाटली तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठायचा.

आणि पाय सांभाळा. कालवाची धार ब्लेडसारखी कापते आणि त्याच पाण्यातला व्हिब्रिओ जखमेत शिरतो. रबरी बूट घालूनच मांडवावर उतरा. कापलंच तर तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, हळद-चिखल काही भरू नका. काही तासांत जखमेभोवती लाली पसरायला लागली, ठणका वाढला किंवा ताप आला तर सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे जा, आणि खाडीच्या पाण्यात कालवाने कापलंय हे त्यांना आवर्जून सांगा.